सहावीला कुठल्या शाळेत घालायचं? मराठवाड्यात नव्याने आलेल्या पालकांसाठी

ह्यांची बदली जिंतूर आगारात झाली तेव्हा आमची मोठी पाचवी पास होऊन सहावीला चालली होती. लातूर सोडताना सामान बांधायला चार दिवस लागले, आणि शाळा मात्र आम्ही एका दुपारी ठरवून मोकळे झालो. भिंती नव्याने रंगवलेल्या होत्या, फाटकाला कमान होती, वर्गात टीव्ही होता. दिवाळीपर्यंत त्या शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवणारं कुणी नव्हतंच. पद भरलेलं होतं, पण ते सर दुसऱ्याच कामावर पाठवलेले होते. पोरगी घरी येऊन म्हणायची, "आज पण शुद्धलेखनच लिहिलं." दुसऱ्या सत्रात आम्ही शाळा बदलली, पण सहावीचे ते चार महिने भरून काढायला तिला पुढचं अख्खं वर्ष लागलं.

धाकट्याच्या वेळी मी महिनाभर पाच शाळा फिरले. पुढे दोन वर्षं शालेय व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते, त्यामुळे आतलं कामकाजही कळलं. तुम्ही बदलीने आला असाल, पुण्याहून किंवा हैदराबादहून गावी परतला असाल, किंवा घरातलं पहिलंच लेकरू सहावीला चाललं असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. मी सांगते त्या क्रमाने गेलात तर पंधरा दिवसांत निर्णय होतो.

आधी शाळांची यादी करा

दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक शाळेला एक पान द्या. तालुक्याच्या गावात साधारण चार-पाच तऱ्हेच्या सरकारी शाळा सापडतात. जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, जी सातवी किंवा आठवीपर्यंत असते. नगर परिषदेची शाळा. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी, जालना इथे महानगरपालिकेच्या शाळा. मग अनुदानित संस्थांच्या शाळा. तिथे शिक्षकांचा पगार शासन देतं आणि कारभार संस्था बघते. आणि मराठवाड्यात हमखास भेटणारी जिल्हा परिषद प्रशाला.

ही प्रशाला काय असते, हे पुण्या-साताऱ्याकडून आलेल्यांना चटकन कळत नाही. तिकडे हायस्कूल म्हटलं की बहुतेक संस्थेचं असतं. आपल्याकडे १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं आणि मोठ्या गावांतली हायस्कुलं सरकारीच होती. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि त्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. म्हणून आपल्या तालुक्यांच्या गावी जिल्हा परिषदेचीच दहावीपर्यंतची प्रशाला, कन्या प्रशाला दिसते. काहींना अजून दगडी इमारती आहेत, उंच छताच्या, उन्हाळ्यात थंड. पाचवी ते दहावी एकाच आवारात असेल, तर ती शाळा यादीत वरती घ्या. कारण पुढे सांगते.

मुलींसाठी काही तालुक्यांत कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय आहे, तिथे राहणं-जेवण-शिक्षण सगळं मोफत. शाळेबाहेर राहिलेल्या, मध्येच शाळा सुटलेल्या मुलींना तिथे आधी घेतात. नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेचं सहावीचं निवड-परीक्षेचं दार मात्र पाचवीतच उघडतं. लेकरू सध्या पाचवीत असेल तर वेळ आहे. एका नवोदयला सहावीला ८० जागा असतात आणि किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या लेकरांसाठी. लेकरू ज्या जिल्ह्यात पाचवीला आहे त्याच जिल्ह्याच्या नवोदयला फॉर्म भरता येतो, म्हणून मध्येच जिल्हा बदलणाऱ्यांनी ही गोष्ट आधी तपासावी.

माध्यमही इथेच ठरवून टाका. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळा मराठवाड्यात भरपूर आहेत आणि त्यांतल्या काही फार चांगल्या चालतात. तेलंगणातून परतलेल्या लेकराला मराठी लिहिताना जड जात असेल, तर ते लपवू नका, मुख्याध्यापकांना पहिल्याच भेटीत सांगा. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, त्यामुळे टाळून चालणार नाही. सांगितलं तर कुणीतरी मदतीला उभं राहतं.

शाळा कितवीपर्यंत आहे?

हे पहिल्याच ओळीत लिहा. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी विभागणी केली. आपल्याकडे त्याआधी चौथीपर्यंत, सातवीपर्यंत आणि मग हायस्कूल असा घाट होता. जुनी घडी अजून पूर्ण मोडलेली नाही. म्हणून एका गावात शाळा सातवीला संपते, दुसऱ्यात आठवीला, तिसऱ्यात थेट दहावीला.

सातवीला संपणारी शाळा घेतली, तर लेकरू आठवीला नव्या ठिकाणी जाईल आणि तिथली बाकीची मुलं आधीपासून एकमेकांना ओळखत असतील. मुलींच्या बाबतीत तर हा खरा धोक्याचा टप्पा आहे. गावातली सातवी संपली, पुढची शाळा पाच किलोमीटरवर, आणि घरात कुणीतरी म्हणतं, "आता बास." मी समितीवर असताना अशा तीन घरी जाऊन बसले आहे. शाळा निवडतानाच आठवी-नववीची सोय बघून ठेवली, तर तो प्रश्न घरात उठतच नाही.

मोबाइलवर अर्धा तास

प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, असतो. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. तो शाळेच्या फलकावर रंगवलेला असतो. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळा शोधली, की वर्गवार पट, शिक्षकांची संख्या, खोल्या, संडास, पाणी, वीज अशी माहिती मिळते. वहीत तीनच आकडे उतरवा: सहावी-सातवी-आठवीचा पट, शिक्षक किती, खोल्या किती. मागच्या दोन-तीन वर्षांचा पट मिळाला तर तोही. पट दरवर्षी घसरत असेल तर त्याचं कारण विचारायला हवं, कारण शिक्षकांची पदं संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याच्या सरकारी मंजुरीत, पटावरच ठरतात. लेकरं कमी झाली की पद जातं, पद गेलं की आणखी लेकरं जातात.

ही माहिती वर्षातून एकदा भरलेली असते. तिच्यावरून शाळा नाकारू नका आणि निवडूही नका. शाळेत गेल्यावर काय विचारायचं, एवढ्यासाठी तिचा उपयोग.

शिक्षक: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

सहावीपासून विषय बदलतात. पाचवीपर्यंत एकच बाई किंवा गुरुजी सगळं शिकवू शकतात, पुढे गणित, विज्ञान आणि इंग्रजीला त्या विषयाचा माणूस लागतो. कायदाच म्हणतो, की सहावी ते आठवीला वर्गामागे किमान एक शिक्षक हवा, आणि त्यांत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र, भाषा या तिन्हींसाठी प्रत्येकी किमान एक. ३५ मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण. पट शंभराच्या वर गेला तर पूर्णवेळ मुख्याध्यापक.

मुख्याध्यापकांना भेटा आणि सरळ विचारा. भांडणाचा सूर नको, पण आडपडदाही नको:

"सर, सहावी-सातवीला गणित कोण घेतं? विज्ञान कोण?"

"ते शाळेतच आहेत ना, प्रतिनियुक्तीवर नाहीत ना?"

हा दुसरा प्रश्न मी पहिल्या वेळी विचारला नव्हता. प्रतिनियुक्ती म्हणजे शिक्षकाचा पगार या शाळेच्या नावावर आणि माणूस दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात. यूडायसवर तो शिक्षक दिसतो, हजेरीपटावर नाव असतं, फळ्यासमोर कुणी नसतं.

तिसरा प्रश्न बदलीचा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या जिल्ह्यांतर्गत बदल्या ऑनलाइन होतात, बहुतेकदा उन्हाळी सुट्टीच्या आसपास. ज्या मॅडमचं नाव ऐकून तुम्ही शाळा निवडली त्याच जूनमध्ये दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या असू शकतात. "यंदा कुणाची बदली होण्यासारखी आहे का, आणि त्यांच्या जागी कुणी येतंय का?" एवढं विचारा. एकाच माणसाच्या जिवावर चालणाऱ्या शाळेपेक्षा तिघे-चौघे नेमाने शिकवतात ती शाळा मला जास्त भरवशाची वाटते.

अप-डाउनबद्दल लोक फार बोलतात. शिक्षक गावात राहत नाहीत, तालुक्याहून ये-जा करतात, म्हणून शाळा वाईट, असं मी म्हणणार नाही. आमच्या धाकट्याचे विज्ञानाचे सर रोज चाळीस किलोमीटरवरून यायचे आणि परिपाठाच्या आधी वर्गात असायचे. तुम्ही एवढंच बघा, की परिपाठ वेळेवर होतो का आणि शेवटच्या तासाला वर्गात शिक्षक असतो का. शेवटचा तास बघायला शाळा सुटण्याच्या पाऊण तास आधी जा.

"सेमी आहे का?" हा प्रश्न सगळे विचारतात. सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. पुष्कळ सरकारी शाळांनी सेमी सुरू केलं आहे. मी त्यापुढे जाऊन विचारीन, की ते शिकवणारे सर मुलाला अडलं तर मराठीतून समजावतात का. पुस्तकातलं इंग्रजी वाक्य नुसतं वाचून दाखवणारं सेमी लेकराच्या उपयोगाचं नाही.

चालू शाळेत एक दिवस

प्रवेशाच्या दिवसांत सगळ्याच शाळा छान दिसतात. जमलं तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये किंवा जानेवारीत, वर्ग भरलेले असताना जा. समिती अध्यक्षांना सोबत घेतलं तर अडवत नाहीत. अध्यक्ष पालकांतलाच असतो आणि समितीत किमान ७५ टक्के पालक असतात, आणि एकूण समितीतल्या निम्म्या जागा बायकांच्या. शेजारपाजारी विचारलं की त्यांतली एखादी बाई सापडतेच.

वर्गाच्या दारात उभं राहिल्यावर फळ्याचा कोपरा बघा. तिथे तारीख, पट आणि हजर मुलांचा आकडा लिहिलेला असतो. तारीख आजची आहे का? मग दाराबाहेरचे चपलांचे जोड मोजा. फळ्यावर हजर ३१ आणि बाहेर अठरा जोड असतील, तर काय ते समजलं. काही लेकरं अनवाणी येतात, त्यामुळे दोन-चारचा फरक सोडून द्या.

मग एखाद्या लेकराची गणिताची वही मागा. मला शाळा कळली ती अशा एका वहीवरून. धाकट्यासाठी फिरत होते तेव्हा एका प्रशालेत सातवीतल्या मुलीने आपली वही दाखवली. सरळव्याजाचं गणित होतं: मुद्दल ५००० रुपये, दर ८ टक्के, मुदत ९ महिने. तिने नऊ महिन्यांची नऊ वर्षं धरली आणि व्याज ३६०० काढलं. सरांनी चूक अशी खूण केली नव्हती. लाल शाईने महिन्यांखाली रेघ मारून लिहिलं होतं, "हे वर्षांत करून बघ." खाली दुसऱ्या दिवसाची तारीख, पुन्हा मांडलेलं गणित, उत्तर ३००, आणि त्यावर बरोबरची खूण. मी पुढची पानं चाळली, प्रत्येक चुकीखाली दुसऱ्यांदा मांडलेलं गणित होतं. आमचा मुलगा त्याच शाळेत गेला.

दुसरीकडे मी अशाही वह्या पाहिल्या, की महिनाभराच्या पानांवर एकाच दिवशी, एकाच पेनने, एकसारख्या खुणा मारलेल्या. चुकीच्या उत्तरावरही बरोबरची खूण. वही कधी खोटं बोलत नाही, म्हणून प्रत्येक शाळेत दोन वह्या बघा: एक हुशार म्हणवणाऱ्या लेकराची, एक मागच्या बाकावरच्या लेकराची. दुसरी वही जास्त नीट बघा.

पुस्तकांच्या कपाटाला कुलूप असेल तर पुस्तक दिल्या-घेतल्याची वही मागा आणि शेवटची तारीख वाचा.

संडास, पाणी, खिचडी

मुलींच्या संडासाला आतून कडी लागते का, आत पाणी आहे का, हे बाईमाणसाने स्वतः जाऊन बघावं. सहावी-सातवीत मुलींची पाळी सुरू होते. कडी नसली की महिन्यातले तीन-चार दिवस मुलगी घरी राहते आणि कुणी कारण विचारत नाही. मुलामुलींसाठी वेगळे संडास आणि पिण्याचं सुरक्षित पाणी हा कायद्याचा निकष आहे, कुणाचे उपकार नाहीत.

पाण्याचा प्रश्न मात्र मार्च-एप्रिलमध्ये विचारा. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे आपल्याला विसरून चालत नाही. बोअर आटल्यावर शाळा काय करते? टँकर येतो का, की लेकरांनी बाटली घरून आणायची?

पोषण आहारात सहावी ते आठवीच्या लेकराला रोज १५० ग्रॅम तांदळाचं जेवण ठरलेलं आहे, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळतील असं. खिचडी वाढताना तिथे थांबा, एक घास खाऊन बघा. वाढप सगळ्यांना एका पंगतीत होतं का, कुणाला बाजूला बसवत नाहीत ना, याकडेही लक्ष असू द्या.

येण्याजाण्याची वाट

कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी. नकाशावरचे तीन किलोमीटर आणि जुलैतले तीन किलोमीटर यांत फरक आहे. काळ्या मातीत पांदीच्या रस्त्याने चिखल गुडघ्यापर्यंत येतो आणि ओढ्याला पाणी आलं की शाळा बुडते. पावसाळ्यात एकदा ती वाट चालून बघा.

एसटीने जायचं असेल तर ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून पाचवीपासून मोफत पास मिळतो. काही तालुक्यांत मानव विकासच्या निळ्या बसेस मुलींसाठी चालतात. पास कागदावर असतो, बस मात्र वेळेवर यायला हवी, म्हणून सकाळची गाडी किती वाजता, शाळा सुटल्यावर परतीची कितीला, हे आगारात जाऊन विचारा. उन्हाळ्यात सकाळची शाळा लागली की दुपारच्या गाडीचा हिशेब बदलतो, तोही विचारून ठेवा. शाळा साडेअकराला सुटली आणि गाडी दीडला असेल, तर लेकरू बेचाळीस अंशात स्टँडवर बसून राहतं.

ऊसतोडीच्या गावांसाठी

बीड, धाराशिव, जालना, परभणी या भागांतल्या कितीतरी गावांत दसरा-दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, कारखान्याला निघतात आणि लेकरं सोबत जातात. अशा गावात सप्टेंबरचा भरलेला वर्ग जानेवारीत अर्धा होतो. तुमचं घर ऊसतोडीला जाणारं असेल, तर शाळेला पहिला प्रश्न हा: हंगामी वसतिगृह चालतं का? त्यात आईबाप गावाबाहेर असताना लेकरांची जेवणाची, राहण्याची सोय शाळेमार्फत होते, म्हणजे लेकरू गावातच राहून शाळा करू शकतं. सोबत न्यावंच लागलं, तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. तुमचं घर त्यातलं नसलं तरी विचारा, की परत आलेल्या मुलांचं मागे राहिलेलं कसं भरून काढतात. त्या लेकरांना सांभाळून घेणारी शाळा तुमचं लेकरू आजारपणात पंधरा दिवस घरी राहिलं तर त्यालाही सांभाळून घेईल.

निकालाचे फलक

"शिष्यवृत्तीत आमचे पाच विद्यार्थी" असा फलक दिसला की विचारा, किती बसले होते. पन्नासांतले पाच आणि आठांतले पाच यांत फार अंतर आहे. आठवीची एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा मात्र आवर्जून विचारा. ती शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या लेकरांसाठीच आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. शाळेतून गेल्या वर्षी किती जण बसवले, जादा तास कोण घेतं, यावरून शाळेची मेहनत कळते. आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर फेरपरीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. म्हणून फेरपरीक्षेआधी शाळा शिकवते का, हेही वहीत टिपा.

सगळ्या शाळांची पानं भरली की टिपणं मोजत बसू नका. गणित-विज्ञान-इंग्रजीचे शिक्षक हजर आहेत आणि वाट रोज चालण्यासारखी आहे, या दोन गोष्टी जिथे जमतात त्या शाळा ठेवा, बाकीची पानं मिटा. उरलेल्यांत दहावीपर्यंतची शाळा असेल तर ती घ्या. मग लेकराला घेऊन जा आणि त्याला वर्गात तासभर बसू द्या. ते काय म्हणतं ते ऐका.

कागदपत्रं

आठवीपर्यंत सरकारी शाळेत फी नाही, पुस्तकं मोफत, प्रवेशासाठी परीक्षा किंवा मुलाखत घेता येत नाही. टीसी यायला उशीर झाला किंवा जन्माचा दाखला नसला, तरी प्रवेश अडवता येत नाही. कुणी अडवलंच तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ऑनलाइन नोंद जुन्या शाळेकडून नव्या शाळेकडे वळते, ती वळली का हे महिन्याभराने विचारा, नाहीतर लेकरू वर्गात बसतं आणि नाव जुन्याच शाळेत राहतं.

टीसी हातात आली की कार्यालयातून बाहेर पडण्याआधी तिथेच उभं राहून वाचा. नाव, वडिलांचं नाव, आडनावाची वेलांटी, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जात. पहिल्या शाळेचा निर्गम उतारा काढून सोबत ठेवा. आमच्या मोठीच्या टीसीवर आडनावात एक काना जास्त पडला होता. पुढे जातीचा दाखला काढताना तो दुरुस्त करायला आम्हाला लातूरच्या चार खेपा पडल्या.